मेंढरांच्या वाडग्यातली बॅटरीची रिक्षा

देवाशपथ सांगतो, पुढचं सगळं शब्दन् शब्द खरं आहे. आता देवाचं आणि माझं फारसं जमत नाही, तेव्हा शपथेची किंमत तुमची तुम्ही ठरवा. शिवाय जिथं मला नीट आठवत नव्हतं तिथं मी हात जरा सैल सोडलाय. पण तेवढं वगळलं तर शब्दन् शब्द!

आमच्या शेडात दोन गोष्टींचे ढीग लागायचे. एक जळलेल्या ट्रान्झिस्टरचा आणि दुसरा किश्श्यांचा. पहिला ढीग भंगारवाला न्यायचा. दुसऱ्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून तो आज तुमच्यापुढं ओततोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शिरूरच्या बाहेर आमची पत्र्याची शेड. लोडशेडिंग जोरात, त्यामुळं इन्व्हर्टरचा धंदाही जोरात. माणसं तीन. सुनील कांबळे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला, म्हणजे आमचा मेंदू. मी मोटारी रिवाइंड करणारा, म्हणजे हात. आणि मालक बबन कोकरे, म्हणजे तोंड. या तोंडातून एक दिवस निघालं, "इन्व्हर्टरवर घरातला पंखा फिरतो, तर रिक्षाचं चाक का फिरणार न्हाई?"

झालं! भंगारातून एक रिक्षा आली. तिचं इंजिन निघालं, मागच्या सीटखाली बॅटऱ्या गेल्या, आणि आमची झोप उडाली.

\*\*\*

शेड उभी होती ती जागा बबनच्या वडलांची, आबांची. घराणं मेंढपाळाचं. आधी तिथं मेंढरं कोंडायचं वाडगं होतं. मेंढरं विकली, वाडगं मोडलं, पोराला शेड घालून दिली. पण आबांचा जीव अजून वाडग्यात. रोज सकाळी येऊन दारात बसायचे आणि नाक मुरडायचे.

"पूर्वी हितं कोकरांचा वास यायचा. आता नुसता जळल्याचा येतोय."

रिक्षाचं खूळ निघाल्यावर आबांनी एक दिवस सगळ्यांसमोर जाहीर केलं, "बबन्या, दसऱ्याला मला ह्या डब्यात बसवून दौंडला न्यायचं, तुझ्या आत्याकडं सोनं द्यायला. वाटंत येकदा जरी ढकलायला लागली, तर शेड मोकळी करायची. मी मेंढरं आणणार."

बबन म्हणाला, "आन् न्हाई ढकलायला लागली तर?"

"तर मी मेंढराचं नाव काढणार न्हाई."

कांबळे मला हळूच म्हणाला, "नाना, दसऱ्यानंतर आपल्याला लोकर कातरायला शिकावं लागतंय बहुतेक."

\*\*\*

आबांना आपलं काम कळावं म्हणून कांबळेनं एकदा मनावर घेतलं. बॅटरीचा करंट एकाच दिशेनं वाहतो, मोटारीला मात्र तो मागं-पुढं, मागं-पुढं असा लागतो. ते करणारा डबा म्हणजे कंट्रोलर.

"असं समजा आबा, वाडग्याला दोन दारं. ह्या दारातून मेंढरं सोडायची, ते बंद करायचं, मग त्या दारातून सोडायची. हे सेकंदात शेकडो वेळा."

आबांना पटलं. मान हलवली. मग म्हणाले, "आन् दोन्ही दारं येकदमच उघडी ऱ्हायली तर?"

"मग स्फोट!"

आबांनी त्या डब्यापासून पाय जरा मागं घेतले.

"माझी मेंढरं असल्या टायमाला फकस्त पळून जायची. तुमची फुटत्यात. आन् शिकलेलं कोन, तर तुम्ही!"

\*\*\*

दोन्ही दारं एकदम उघडणं हे आमच्याकडं रोजचंच होतं. ट्रान्झिस्टर असा फुटायचा की पत्र्यावरची कबुतरं उडायची. मग कामाला हात लावायची कुणाची इच्छा नसायची, म्हणून चहा. हळूहळू रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्याला ते पाठ झालं. आवाज झाला की तो न सांगता तीन कट चहा पाठवायचा.

एकदा कांबळेनं काहीतरी जादू केली. सकाळपासून दुपारपर्यंत एकही फुटला नाही! आम्ही हरखून काम करतोय, तेवढ्यात हॉटेलवाला स्वतः रस्ता ओलांडून दारात. चेहरा उतरलेला.

"बबनशेठ, सगळं ठीक हाय ना? कोनी आजारी-बिजारी?"

"न्हाई वो. का?"

"आज धंदा न्हाई झाला."

बबन त्याला म्हणाला, "थांबा, करतो काहीतरी." आणि खरंच केलं! स्विच टाकताना चुकीची वायर लावली. धडाम! हॉटेलवाला समाधानानं परत गेला.

\*\*\*

मोटारीवर लोड टाकून बघायचा होता. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी मशीन असतं. आमच्याकडं शेजारच्या मळ्यातली बैलजोडी होती. रिक्षाच्या मागं दोर बांधला, दोराच्या दुसऱ्या टोकाला बैल. रिक्षानं पुढं ओढायचं, बैलांनी मागं. बबन हँडलवर, कांबळे मीटर घेऊन मागं.

बैलांना वाटलं, घरी चाललोय. निघाले. रिक्षा बबनसकट उलटी त्यांच्यामागं. बबन ओरडतोय, बैलवाला ओरडतोय, आणि कांबळे मात्र मागच्या सीटवर नाचतोय!

"चार्ज होतंय! नाना, काटा उलटा गेला! मोटार करंट परत देतेय बॅटरीला!"

त्यानं कंट्रोलरमध्ये ही करामत मुद्दाम घालून ठेवली होती. उतारावर किंवा ब्रेक दाबल्यावर चाकानं मोटार फिरवायची आणि करंट माघारी यायचा. आजवर कागदावर होतं, बैलांनी सिद्ध करून दाखवलं. बैल थांबल्यावर कांबळे उडी मारून उतरला. "आबा, बघितलंत? बैल ओढत्यात आन् बॅटरी भरते!"

आबा म्हणाले, "ह्याला आमच्यात बैलगाडी म्हणत्यात."

\*\*\*

बबनच्या तोंडानं आमची कीर्ती पुण्यापर्यंत नेली. एक साहेब बघायला आले. त्या काळात कंट्रोलर फार तापायचा. पंखा परवडत नव्हता, म्हणून आम्ही त्याच्या पत्र्यावर ओलं गोणपाट टाकलं होतं आणि वर भोक पाडलेलं मडकं टांगलं होतं. थेंब थेंब पाणी. कबुतरांची घाण पडू नये म्हणून वर छोटं छप्पर. आणि कुणी हात लावू नये म्हणून कांबळेनं त्याला लाल दिवा लावलेला.

साहेब दारात थांबले. आत बघितलं. बूट काढले. हात जोडले.

मी बबनकडं बघितलं, बबननं माझ्याकडं. कांबळेनं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. शेवटी साहेबांनीच विचारलं, "कुठलं दैवत?"

बबन म्हणाला, "साहेब, अजून पावला न्हाई, म्हणून नाव ठेवलं न्हाई."

नंतर खुलासा झाल्यावर साहेब खूप हसले. बूट घालता घालता म्हणाले, "याचं पेटंट घ्या. अट एकच, आधी कुणी केलेलं नसलं पाहिजे."

"मग आमच्या फुटण्याचं घेता येईल," कांबळे म्हणाला. "इतक्या प्रकारांनी जगात कुणी फोडलेलं नसणार."

\*\*\*

आता खंडेनवमीचं ऐका. दुसऱ्या दिवशी दौंडची परीक्षा. हत्यारांची पूजा तर सगळेच करतात. पाने, पक्कड, सोल्डरिंग गन, सगळं धुऊन मांडलं. हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. वर बबनचा भंडारा. कंट्रोलरचं झाकण उघडं, कारण आतले दिवे लुकलुकताना छान दिसतात असं बबनचं मत.

कांबळे म्हणाला, "बबनभाऊ, झाकण लावू का?"

"देवाला झाकून ठेवतात का रं?"

नारळ फोडायला शेडात टणक असं काय? ऐरण बाहेर होती. कंट्रोलरला गार ठेवायला बसवलेली ॲल्युमिनियमची पाती मात्र समोरच होती. बबननं "येळकोट येळकोट" म्हटलं, आम्ही "जय मल्हार" म्हणेपर्यंत नारळ फुटला होता. आणि पाठोपाठ कंट्रोलर.

धूर झाला. आणि काय सुंदर वास सुटला म्हणता! बाहेरून आबांचा आवाज आला.

"चटणी करताय का रं?"

बबन हातात अर्धी करवंटी धरून उभा. उद्या ही रिक्षा हलली नाही तर शेड गेली, हे त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की मला थट्टाही सुचेना. तेवढ्यात रस्त्यापलीकडून तीन कट आले.

फुटलेले भाग बदलता आले, पण पाणी पार कोपऱ्यात गेलेलं. बबनची बायको सुनंदा शिरुरातल्या ब्यूटी पार्लरवाल्या मैत्रिणीकडून केस वाळवायचं मशीन घेऊन आली आणि स्वतः बसली कंट्रोलर वाळवत. एका हातात मशीन, दुसऱ्यात दात घासायचा ब्रश.

कांबळे म्हणाला, "वहिनी, आता फेशियल पण करूनच टाका."

सुनंदा म्हणाली, "तुमच्या तिघांचं करते, दुकान वाचलं तर."

संध्याकाळी दिवे परत लुकलुकले. झाकण या वेळी तिनं स्वतः लावलं आणि नट आवळून पाना सोबत घरी घेऊन गेली!

\*\*\*

दसऱ्याला सकाळी कांबळे विहारात वंदना करून पांढऱ्या शर्टातच आला. बबन हँडलवर. मागं मधे आबा, डोक्याला लाल पटका, खिशात आपट्याची पानं. एका बाजूला कांबळे, दुसऱ्या बाजूला मी.

निघालो. आवाज नाही, धूर नाही. सायकलवाले वळून बघतायत. इनामगावच्या पुढं आल्यावर आबांनी नदीकडं बोट केलं.

"हितं जमिनीतनं लई जुनी मडकी निघाली. हजारो वर्सांची. लांबलांबची मानसं येतात बघायला."

कांबळे म्हणाला, "उद्या आपली शेड उकरली तर म्हणतील, इथं फटाके खाणारी जमात राहत होती."

आबा हसले. सकाळपासून पहिल्यांदा! बबननं वळून बघितलं आणि रिक्षा जवळजवळ रस्त्याकडेच्या चारीत घातली.

दौंड जवळ आलं तसा मीटरचा काटा खाली खाली जायला लागला. शेवटचा एक चढ होता, तो ओलांडला की गावापर्यंत उतार. चढाच्या मध्यावर गाडी मंद झाली. आणखी मंद. बबन पुढं वाकला, जणू त्याच्या वाकण्यानं ती चढणार होती. माथा समोर दिसत होता. तिथंच ती उभी राहिली.

बबननं हँडलवरचा हात काढला नाही. मान खाली घातली. त्याचे कान मागून लालभडक दिसत होते.

आणि तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला! भरलेल्या दोन ट्रॉल्या, कर्कश गाणी. आबांनी हात करून थांबवला. बबन म्हणाला, "आबा, तुमची अट..." आबा म्हणाले, "मी ढकलायची न्हाई म्हणालो हुतो. वढायची न्हाई असं कवा म्हणालो?" दोर बांधला, ट्रॅक्टरनं माथ्यापर्यंत नेलं, दोर सोडला. पुढं उतार. कांबळेची करामत चालली, काटा हलला, करंट माघारी आला, आणि आम्ही दौंडात स्वतःच्या ताकदीवर शिरलो. आत्या ताट घेऊन दारात. तिचा पहिला प्रश्न, "दादा, ढकलली का?"

"छ्या! वाऱ्यावानी आली."

शेड आजही तिथंच आहे. आबांनी मेंढराचं नाव परत काढलं नाही.

हा किस्सा मी बरीच वर्षं असाच सांगतो आणि लोकांना आवडतो. फक्त ऐकणाऱ्यांत पाटसकडचा कुणी असला की तो हमखास हटकतो, "नाना, दसऱ्याला उसाच्या ट्रॉल्या कुठल्या? तवर कारखान्याचं गाळप तरी सुरू होतं का?"

नसतं. खरं आहे. ट्रॅक्टर मी घातला. त्या दिवशी त्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आबा खाली उतरले, डोक्यावरचा पटका काढून सीटवर ठेवला, कांबळेला आणि मला डोळ्यांनीच खुणावलं, आणि रिक्षाच्या मागं जाऊन दोन्ही हात टेकवले.

"बबन्या, तू फकस्त हँडल धर. आन् मागं बघू नगंस. बघितलंस तर शेड बंद!"