संपर्कप्रमुखांचा तांब्याचा साठा

नाव: घारपुरे हेमचंद्र. राष्ट्रीयत्व: भारतीय. वय: पंचेचाळीस. वास्तव्य: ओजिमा, इमारत क्रमांक चार, अकरावा मजला. कुटुंब: पत्नी एक, कन्या एक. शारीरिक स्थिती: धडधाकट, जिने स्वतःच्या पायांनी उतरू शकतात. रहिवासी संघाच्या आपत्ती-निवारण समितीतील पद: संपर्कप्रमुख. आपत्काळी उपलब्ध साधने: दहा येनची नाणी, नग ४,२००. शेरा: स्वच्छ.

ही नोंद संघाच्या निळ्या फाइलीत आहे. 'स्वच्छ' हा शब्द हेमचंद्रने स्वतः आग्रहाने घालून घेतला. फाइल सांभाळणारे मोरीता-सान म्हणाले, नाण्यांच्या स्वच्छतेसाठी फॉर्मात रकाना नाही. हा म्हणाला, मग शेऱ्यात लिहा. मोरीता-सानांनी लिहिलं. ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत आणि वाद घालण्यात आयुष्य घालवण्याइतकं ते उरलेलं नाही, असं त्यांचं मत आहे.

दर रविवारी नाश्ता झाला की हेमचंद्र जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचा आणि आठवड्याची चिल्लर ओतायचा. त्यातली दहा येनची तांब्याची नाणी वेगळी काढून तीन ढीग लावायचा: चकचकीत, काळी आणि कडेला दाते असलेली, म्हणजे सत्तरएक वर्षांपूर्वीची. काळी नाणी चिंचेच्या कोळात मीठ घालून भिजवायची, घासायची, पुसायची, पन्नास-पन्नासची गुंडाळी करून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. बायकोच्या, विभाच्या, आईने पुण्याहून धाडलेली चिंच त्या घरात आमटीपेक्षा नाण्यांनाच जास्त लागली.

या उद्योगात काही फायदा आहे का, हे त्याने तपासलं नव्हतं असं नाही. दाते असलेल्या नाण्यांना शौकीन लोक जास्त पैसे देतात असं ऐकून तो एकदा साठ नाणी घेऊन योकोहामाच्या एका दुकानात गेला. म्हाताऱ्या दुकानदाराने भिंग लावलं आणि विचारलं, "धुतलीत का?"

"चिंचेने," हेमचंद्र अभिमानाने म्हणाला.

दुकानदाराने तबक परत सरकवलं. धुतलेल्या नाण्याला कोणी विचारत नाही. आता त्यांची किंमत प्रत्येकी दहा येन, म्हणजे त्यांच्यावर छापलेली तेवढीच.

कावासाकीच्या ऑफिसातला सदानंद त्याला डब्याच्या वेळी छेडायचा. "घारपुरे, तांब्याचा भाव वाढलाय. वितळव की!"

"एका नाण्यात साडेपाच येनचं तांबं आहे. आणि वितळवणं गुन्हा आहे."

"म्हणजे निम्म्या किमतीसाठी तुरुंग. बरं, बँकेत भर."

"या जानेवारीपासून बँक नाणी मोजायचे पैसे घेते."

"मग करतोस कशाला रे हे?"

या प्रश्नाला हेमचंद्रकडे उत्तर तयार असे. ती गोष्ट त्याने गणपतीत, हळदीकुंकवात, दोन टीम-डिनरना आणि समितीच्या बैठकीत सांगितली होती. ती अशी: दोन हजार अकराच्या अकरा मार्चला भूकंप झाला. मोबाइल बंद. गाड्या बंद. तो कावासाकी स्टेशनबाहेरच्या सार्वजनिक फोनच्या रांगेत दीड तास उभा राहिला, नंबर आला, रिसीव्हर उचलला आणि खिशात हात घातला, तर दहा येनचं नाणंच नाही! नोटा होत्या, पण फोन नोटा खात नाही. मागे साठ माणसं. मुकाट्याने बाजूला झाला आणि ओजिमापर्यंत चालत आला. इकडे लिफ्ट बंद, शेजारी दार वाजवून खाली मैदानात बोलावताहेत, इमारत हेलकावे खातेय, आणि विभा चार वर्षांच्या कश्मिराला मांडीत धरून फोनपाशी बसलेली. जाताना तो म्हणाला होता, काही झालं तर फोन करीन.

"तेव्हापासून," तो शेवटी म्हणायचा, "ह्या घरात दहा येनचं नाणं कमी पडणार नाही." लोक हळहळायचे. विभा चहा आणायला उठायची.

गोष्ट चांगली होती. तिच्यात खोट एवढीच, की ती घडली नव्हती.

घडलं ते असं. पावणेतीनला जमीन हलली. ऑफिस रिकामं झालं, तासाभराने पुन्हा भरलं. किकुची-सान, विभागप्रमुख, हेल्मेट घातलेल्या डोक्याने म्हणाले, काही अडचण नसेल तर क्लायंटचे सर्व्हर एकदा बघून घेऊ या. काही अडचण नसेल तर, हे जपानी ऑफिसात विचारत नाहीत, सांगतात. बारा जणांपैकी कोणी उठलं नाही. हेमचंद्रचं कंत्राट एप्रिलमध्ये संपत होतं. भूकंप झाल्याबरोबर पळालेला भारतीय ही नोंद त्याला आपल्या नावावर नको होती. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून फोनची रांग दिसत होती. जरा लहान झाली की जाऊ, असं म्हणत तो साडेसातपर्यंत लॉग फाइली बघत बसला. मग निघाला, रांगेच्या बाजूने गेला, आणि आता काय, तीन-चार तासांत घरीच पोचू, असं म्हणून चालू लागला. पोचायला सात तास लागले.

विभाने दार उघडलं तेव्हा तिने एकच विचारलं, "फोन?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "दहा येनचं नाणं नव्हतं गं." खिशात नाणं होतं की नव्हतं, हे त्याने पाहिलंच नव्हतं. रांगेत उभं न राहणाऱ्याला खिसा चाचपावा लागत नाही.

पुढच्या आठवड्यात निम्मं भारतीय ओजिमा विमानात बसून मायदेशी गेलं. विभा गेली नाही. कंत्राट वाढलं. आणि साध्या तोंडदेखल्या सबबीचा त्याने अकरा वर्षं संसार केला. खरं कळलं तर विभा काय करील, हे त्याला माहीत नव्हतं. ओरडली तर बरं, असं वाटायचं. ती ओरडणाऱ्यांतली नव्हती, हीच भीती होती.

दोन हजार बावीसच्या सप्टेंबरमध्ये इमारतींच्या मधल्या मैदानात आपत्ती-सराव झाला. हल्लीच्या मुलांना सार्वजनिक फोन वापरता येत नाही, म्हणून सरावासाठी एक हिरवा फोन आणून टेबलावर ठेवला होता. संपर्कप्रमुखांनी पन्नास नाण्यांची गुंडाळी फोडली. नाणी उन्हात अशी झळकली, की मोरीता-सानांनी मास्कच्या आतून "ओ!" केलं. पंधरा वर्षांची कश्मिरा मैत्रिणींत मान खाली घालून उभी होती. विभा पाण्याच्या बाटल्या वाटत होती.

पिवळं जाकीट घातलेली एक मुलगी माहिती सांगायला पुढे आली. नाणं टाका, नंबर फिरवा, बोला. "आणि हे लक्षात ठेवा," ती हसत म्हणाली, "मोठ्या आपत्तीत सार्वजनिक फोन फुकट करतात. काही यंत्रांत नाणं टाकावं लागतं, पण ते बोलून झाल्यावर परत मिळतं. दोन हजार अकराला, अकरा मार्चलाही, असंच केलं होतं."

लोकांनी माना डोलावल्या. हेमचंद्रने विभाकडे पाहिलं नाही. फोन फुकट आहे हे कळण्याइतकं जपानी आपल्याला त्या वेळी कुठे येत होतं, हे वाक्य त्याने मनात तयार केलं. बरं झालं होतं वाक्य.

घरी येताना लिफ्टमध्ये कश्मिरा म्हणाली, "पण बाबा, दॅट्स वीअर्ड. तू दीड तास लाइनमध्ये होतास ना? पुढचे सगळे फ्री बोलत होते, कॉइन परत येत होतं. एकच कॉइन मागच्याला दिलं तरी चाललं असतं. तुला दिसलं नाही?"

"गर्दी होती."

"लाइन होती. लाइनमध्ये पुढचा दिसतोच."

"कश्मिरा," विभा म्हणाली, "किल्ली काढ."

मुलगी "मेंदोकुसाई" असं पुटपुटली, म्हणजे कुठे ही कटकट, आणि खोलीत जाऊन दार लावून बसली. हेमचंद्रने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. रविवार होता. पसरून झाल्यावर काय करायचं ते सुचेना.

"विभा, त्या दिवशी मी..."

"वरण गरम करू की तसंच चालेल?"

"मी रांगेत नव्हतो."

विभाने गॅस लावला. मग शिवणाच्या डब्यातून एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि वर्तमानपत्रावर उलटी केली. दहा येनची तीन नाणी. काळी पडलेली, कधीच न घासलेली.

"बारा मार्चला तुझी पँट धुवायला टाकली," ती म्हणाली. "खिसे बघूनच टाकते मी."

हेमचंद्रने एक नाणं उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत ठेवलं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? दर रविवारी बसायचास घासत. म्हटलं, कधीतरी सांगेल." तिने वरण ढवळलं. "चारशे झाली, हजार झाली. चार हजार झाली तेव्हा म्हटलं, हा आता सांगत नाही."

"आज सांगितलं."

"आज त्या पिवळ्या जाकिटाने सांगितलं, हेमू."

त्याने सवयीने तिन्ही नाणी काळ्यांच्या ढिगाच्या जागी सरकवली. विभाने ती उचलून परत पिशवीत घातली आणि पिशवी डब्यात. "ही नाही घासायची," ती म्हणाली आणि ताटं घेतली.

संध्याकाळी मोरीता-सान वार्षिक फॉर्म घेऊन आले. बदल असेल तर लिहा, नसेल तर शिक्का मारा. हेमचंद्रने फॉर्म दोनदा वाचला. पद: संपर्कप्रमुख. साठा: ४,२००, सरावात वापरलेली सर्व परत मिळाली. शेरा: स्वच्छ. त्याने शिक्का मारला.

अकरा मार्च दोन हजार अकराला त्या घरातला फोन एकदाही वाजला नव्हता.