पटक्यातला आजा

दोन हजार सोळा साल होतं, मी बहात्तर वर्षांचा होतो आणि नात मुक्ता चार महिन्यांची. मला बघितलं की ती हातपाय नाचवून हसायची. मी गावभर सांगायचो, रक्त रक्ताला ओळखतं.

एका दुपारी आंघोळ करून पटका न बांधताच पाळण्यापाशी गेलो. तिनं टक लावून बघितलं, ओठ काढला आणि परका बघितल्यागत रडायला लागली. उघडं डोकं सुनेला दिसू नये म्हणून ती येईतो मी आत पळालो. पटका बांधून आलो, तर पोर खुदकन हसली.

"आबा, तुमचं रक्त काय पटक्यात असतं का?" मला पळताना बघितलेली सून म्हणाली. ती अंगणवाडी चालवते. "एवढ्या लेकरांना आधी डोक्याचा आकारच कळतो. नाकडोळे हळूहळू कळतात. शिकेल की ती."

मला राग आला. चौथीतनं शाळा सोडलेला मी, पण माघार घेणारा नव्हे. फुगून ओट्यावर बसलो. लांब बांधावरनं कुणी येत होतं. तोंड दिसत नव्हतं, तरी खांद्यावरचं फावडं बघून मी म्हटलं, शेजारचा सखाराम आला. म्हणजे मीही आकारच बघत होतो की! ओळख रक्तातनं येत नसेल, तर एवढासा जीव पाळण्यात पडून रोज ती कमावतोय. केवढं हे काम!

सुनेपुढं मी जन्मात उघड्या डोक्यानं बसलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळण्यापाशी तसाच बसलो. ती समोर भाकरी थापत होती, आणि मी मुक्ताच्या देखत पटक्याचा एकेक वेढा सावकाश बांधला.