ताईची बरणी

सासर कायमचं सोडून आल्यापासून माझी ताई घरीच लोकांचे कपडे शिवते. बोलणं जवळपास बंदच. टाकीतल्या मोठ्या माशानं छोट्याची शेपटी कुरतडली, तेव्हा आम्ही सगळे नुसतेच ओरडलो. तिनं मुकाट्यानं छोट्याला जाळीनं उचललं, बरणीत ठेवलं, पाण्यात चिमूटभर मीठ घातलं. रोज पाणी बदलायची. चेहऱ्यावर ना दया, ना राग.

शेपटी भरून आली. आईनं बरणी उचलली.

"झाला की ठणठणीत! सोडते परत टाकीत. भांड्याला भांडं लागायचंच. घेईल जुळवून."

"हाताचं प्लास्टर निघालं, तेव्हा मला नवऱ्याकडे परत पाठवताना तू हेच म्हणालीस," ताई म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

आईनं बरणी होती तिथंच परत ठेवली.