अर्धी हळद

सिनेमा कसा तयार होतो हे मला आता माहीत आहे. माहीत नसतं तर मी त्या धंद्यातल्या माणसांना अजूनही थोडा मान दिला असता.

आमचा सिनेमा खारघरच्या एका एसी केबिनमध्ये सुरू झाला. निर्माते शेजारच्याच गावचे. त्यांच्या वडिलांनी जन्मभर भात लावला आणि यांनी जमीन गेल्याच्या बदल्यात सिडकोकडून मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटांवर टॉवर लावले. टॉवर लावून झाल्यावर त्यांना समाजासाठी काहीतरी करावंसं वाटू लागलं. आमच्याकडे पन्नाशीनंतर हा आजार होतोच. कोणी देवळाला कळस चढवतो, कोणी निवडणुकीला उभा राहतो, हे सिनेमाकडे वळले. माझा दिवाळी अंकातला एक लेख त्यांना कोणीतरी वाचून दाखवला होता. स्वतः वाचायचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते.

लेख माझ्या आईवर होता. आई धवलारीण. आम्हा आगऱ्यांची लग्नं पूर्वी धवलारीणच लावायची. हळद लावताना, तेल चढवताना, नवरीला बाहेर आणताना ती गाते, आणि ती गाते तेव्हाच ते काम झालं असं धरतात. आता हळदीच्या मांडवात डीजे असतो. जुन्या बायका कुरकुरू नयेत म्हणून आईला बोलावतात. तिच्या चार ओळी होतात न होतात तोच कोणीतरी म्हणतं, "आजी, बास आता," आणि भिंती हादरायला लागतात. माझा गळा म्हणजे कुकरची शिट्टी, त्यामुळे शिकणारं घरात कोणी नाही. मी फोन समोर धरून रेकॉर्ड करायचे प्रयत्न केले. आई फोनकडे बघून गप्प बसते. समोर हळदीची पोर नसेल तर गायचं कोणाला, हा तिचा प्रश्न.

म्हणून मी कथा दिली. सिनेमात लग्न असणार, नवरी असणार, डीजे नसणार. माझी अट एकच होती, धवला, म्हणजे ते लग्नाचं गाणं, आईच्या आवाजात राहील. तो आवाज कुठेतरी टिकावा, बाकी सिनेमा खाडीत बुडाला तरी मला चालणार होतं. निर्मात्यांनी छातीवर हात ठेवला. "आवाज आईचाच, ताई. आईशप्पथ."

मग दिग्दर्शक आले. गळ्यात उन्हाळ्यातही मफलर. त्यांना माझी कथा फार आवडली आणि लगेच त्यांनी ती बदलायला घेतली. "कॉन्फ्लिक्ट कुठाय, मॅम?" हे वाक्य ते दर चहाला म्हणायचे. वर्षभर चहा झाला. तेवढ्या काळात माझी धवलारीण बाजूला सरकत सरकत नवरीच्या मागे उभी राहिली, नवरी लंडनला शिकायला निघाली आणि विमानतळासाठी जमीन द्यायची की नाही यावर तिचा बाप एका गाण्यात विचार करू लागला. संवाद लिहिणाऱ्या गृहस्थांनी आमची बोली दोन दिवसांत आत्मसात केली. म्हणजे शुद्ध मराठी वाक्य लिहायचं आणि शेवटी 'हाय' चिकटवायचा.

शूटिंग आमच्या गावात होऊ शकत नव्हतं, कारण आमचं गाव त्यांना गावासारखं दिसत नव्हतं. चार मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या. म्हणून पावणे गावाच्या औद्योगिक पट्ट्यात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये थर्मोकोल आणि प्लायचं गाव उभं केलं. शेणाच्या रंगाचा पेंट मारला. प्रत्येक भिंतीवर मासे पकडायची जाळी टांगली. मी म्हटलं, हे शेतकऱ्याचं घर आहे, जाळी कशाला? दिग्दर्शक दयेने हसले. "मॅम, व्हिज्युअल आहे." यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. हा शब्द उच्चारला की त्या माणसांना आपण कशाचंही उत्तर दिलं असं वाटतं.

हळदीचा प्रसंग घ्यायचा होता त्या दिवशी आई लग्नघरचं नेसण नेसून, घरची हळद वाटीत घेऊन आली. सेटवरची हळद म्हणजे मेकअपचा पिवळा रंग होता. ती तिने हुंगली आणि बाजूला सारली. नवरी झालेली नटी पाटावर बसली होती. मुलगी पुण्याची, नाजूक, सतत आरशात बघणारी. आईने तिच्या कपाळाला, गालांना, हातांना हळद लावली आणि गायला लागली. खरं सांगते, त्या शेडमध्ये मी आईला गेल्या दहा वर्षांत गायली नाही तसं गाताना ऐकलं. कोणी "बास" म्हटलं नाही. लाइट धरणारी माणसंसुद्धा हलली नाहीत. माझे डोळे भरून आले आणि त्या क्षणापुरती त्या मफलरवाल्यालाही मी मनातून माफ केलं.

शेवटाच्या थोडं आधी आई थांबली.

"मावशी, एंड?" दिग्दर्शक म्हणाले.

"याचे पुढचा गायला तं लगीन लागतं," आई म्हणाली. "यांचा खरोखर लावाचा हाय का?"

नवरदेव झालेला नट खो खो हसला. नटीही हसली. दिग्दर्शक म्हणाले, "सुपर! हे ऑथेंटिक आहे," आणि पॅकअप झालं.

आईला तसं निघायचं नव्हतं. लग्न लावायचं नाही तर लावलेली हळद उतरवायला हवी. आमच्याकडे हळदीच्या अंगाने पोर उंबरा ओलांडत नाही, नजर लागते म्हणतात. ती नटीच्या व्हॅनिटी व्हॅनपाशी गेली. दारातल्या माणसाने तिला हटकलं, मॅडम थकल्यात. आईने समजावून पाहिलं. त्याने दार लावून घेतलं. घरी येताना वाटी तिच्या मांडीवर होती आणि ती एवढंच म्हणाली, "पोर तशीच गेली."

त्यानंतर महिनोन्महिने ती हे म्हणत राहिली. भांडी घासताना, टीव्हीवर कुठल्याशा जाहिरातीत ती नटी दिसली की, एकदा तर नटीचा पाय मुरगळल्याची बातमी आली तेव्हा. "हलद अर्धी ऱ्हायलीय तिची." मी तिच्यावर चिडायचे. मला आवाजाची काळजी होती आणि हिला त्या बाहुलीची.

मधे एकदा तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करायला तिला अंधेरीच्या स्टुडिओत नेलं. काचेच्या खोलीत उभं केलं, कानावर हेडफोन चढवले आणि गा म्हणाले. आईने चारी बाजूंना बघितलं. "कोनाला गावू? हितं हाय कोन?" तासाभराने ते कंटाळले. दिग्दर्शक मला म्हणाले, "टेन्शन घेऊ नका मॅम, लोकेशनचाच आवाज वापरू." मी विश्वास ठेवला.

सिनेमा लागला वाशीच्या एका मॉलमध्ये. सकाळचा खेळ, जेव्हा कोणी सिनेमाला जात नाही. पोस्टरवर निर्मात्यांचा फोटो नायकापेक्षा मोठा. आमचं निम्मं गाव फुकट तिकिटावर आलं होतं आणि मध्यंतरात समोसे मिळणार का याची चौकशी करत होतं. पडद्यावर ते जाळ्यांचं घर आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या घरात कधी जाळं नव्हतं त्यांनीही.

मग हळद आली. आईचे ओठ हलले आणि त्यातून कोणा विशीतल्या गायिकेचा आवाज आला, गुळगुळीत, मागे बासरी. न गायलेला शेवटही कोणीतरी नवा लिहून त्यात घातला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अंधारात मी आईचा हात धरला. ती माझ्या कानाशी आली.

"गोड गाते बाय. पन कोनाला गाते, ता कलत नाय."

खेळ सुटल्यावर बाहेर मी दिग्दर्शकांना गाठलं. त्यांनी अडखळत सांगितलं की पावण्याच्या शेडमागे सतत ट्रक होते, त्यांचा आवाज आत आला होता, शेवटी आईचा आवाज नाही टिकला.

"मग मूळ रेकॉर्डिंग मला द्या."

त्यांनी असिस्टंटकडे पाहिलं. असिस्टंट म्हणाला, "मॅम, मेमरी कार्ड फॉरमॅट झालं. पुढच्या शूटला लागत होतं."

"कुठल्या शूटला?"

"बिस्किटाच्या जाहिरातीच्या."

मला तिथेच रडू आलं, आणि अशा माणसांसमोर रडू आलं याचा जास्त संताप आला. निर्माते लांबून हात हलवत होते. त्यांच्या मते सोहळा झकास झाला होता.

वळून बघते तर आई शेजारी नाही. ती गर्दीतून वाट काढत नटीपर्यंत पोचली होती. तिने काही न विचारता पदर घेतला आणि त्या मुलीचं कपाळ पुसलं, दोन्ही गाल पुसले, मग एकेक हात. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. फोटोवाले धावले. नटीने डोळे मिटून, हात जोडून, आशीर्वाद घेतल्याचा चेहरा केला. फोटोवाले पांगले तसा तिने पर्समधून ओला टिश्यू काढला. आईने हात लावला होता ती प्रत्येक जागा तिने घासून घासून पुसली, कपाळ, गाल, हात, आणि टिश्यू कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मी दातओठ खात तिच्याकडे निघाले. त्या दिवशी कोणाला तरी मी चार शब्द सुनावणारच होते. आईने माझं मनगट धरलं. ती त्या डब्याकडे बघत होती आणि कित्येक महिन्यांत तिचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

"बगलास, उरलेली तिनीच उतरवली," ती म्हणाली. "मोकली झाली पोर. चल आता."