अंबिकाच्या घरातला हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा हा विषय आला की मी घाईनं हात जोडते आणि उठते. देवाला काय माहीत नसेल? असेलच की. पण त्याला माहीत असणं वेगळं आणि आपण आपल्या तोंडानं सांगणं वेगळं. आज सांगते. अडखळेन बहुतेक.

आधी एक सांगू दे. मी भित्री बाई नाही. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मला सगळे फटकळ म्हणून ओळखतात. सात रस्त्याला रिक्षावाल्यानं उगाच लांबून फिरवून आणलं, तर भर चौकात त्याचा उद्धार करायला मी मागंपुढं बघत नाही. गिऱ्हाईक असो, नणंद असो, जे आहे ते तोंडावर. मग त्या दिवशी एवढंसं वाक्य माझ्या तोंडून का निघालं नाही? "बिघडलं, पुन्हा करू या" — बस, एवढंच तर म्हणायचं होतं.

माझं काम रेझिनचं. लग्नातले हार, बारशाची फुलं, दारावरच्या पाट्या — लोक वस्तू आणून देतात, मी त्या काचेसारख्या रेझिनमध्ये जपून देते. साचे मात्र मी विकतचे वापरत नाही, स्वतः करते. विकतचे साचे म्हणजे साऱ्या गावाचं एकच ताट. सिलिकॉनच्या दोन बाटल्या असतात, दोन्हीतलं सारखं वजन करून घ्यायचं, फुगे न धरता हळू ढवळायचं, वस्तूवर ओतायचं आणि वाट बघायची. जमलं की त्या साच्यात वस्तूची रेघ न् रेघ उतरते. लाकडाची शीर उतरते. माणसाच्या बोटाचा ठसासुद्धा उतरतो. मला याचा फार गर्व होता. अजूनही असेल — आता काय सांगू.

हातांचं काम पुढं सुरू झालं. म्हाताऱ्या आईवडिलांच्या हाताचा साचा घ्यायचा आणि त्यातून रेझिनचा हात करून द्यायचा. त्वचेला चालणारं सिलिकॉन त्यासाठी वेगळं येतं. ते हातावर जाडसर थापायचं, दहा-पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही, मग हातमोज्यासारखं उतरवून घ्यायचं. या सिलिकॉनचं एक पथ्य आहे. साधे रबरी हातमोजे त्याला चालत नाहीत. त्या रबराचा स्पर्श झाला की ते जमतच नाही, चिकट राहतं. त्यासाठी निळे मोजे मिळतात. हे मला माहीत होतं का? अहो, मी बायकांचे वर्ग घेते, पहिल्याच दिवशी हे घोकून घेते!

अंबिका माझ्याकडं आली ती वडिलांसाठी. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे माग आहेत. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडिलांना ती नान्ना म्हणायची. दीड वर्ष ते अंथरुणावर होते आणि डॉक्टरांनी आता आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं. पदराशी चाळा करत ती म्हणाली, "अक्का, ह्याच हातानं मला माग शिकवला बघा. तेवढा हात ठेवून द्या. बाकी काय नको." नान्नांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला वरचं पेर नव्हतं. ते पेर तरुणपणी मागाच्या पट्ट्यात गेलं होतं. अंबिका लहानपणी झोपताना त्याच थोट्या बोटाला धरून झोपायची म्हणे.

मी गेले त्या दिवशी निळ्या मोज्यांचा डबा रिकामा निघाला. दुकान दोन गल्ल्या पलीकडं होतं. ऊन मी म्हणत होतं. भांड्यांशेजारचे पिवळे रबरी मोजे उचलले आणि पिशवीत टाकले. एवढ्यानं काय होतंय — असं म्हटलं मी. मनातसुद्धा नाही, मोठ्यानं म्हटलं, स्वयंपाकघरात, एकटीनं.

त्यांची कातडी कागदासारखी झालेली, ब्रश टोचायचा. म्हणून पहिला थर मी बोटांनी लावला, तेच मोजे घालून. वरचे थर ब्रशनं. अंबिकानं त्यांना उशा लावून बसवलं होतं, पाठीमागून छातीशी धरलं होतं. ते बिचारे एवढे शहाण्यासारखे बसले! कपाळावर घाम आला, पण हात हलवला नाही. कुणासाठी? लेकीनं सांगितलंय म्हणून.

साचा उतरवला आणि आत डोकावून बघितलं. बाहेरून घट्ट, आतून नुसता चिकटा. रेघ नाही, नख नाही, ते थोटं बोटही नाही — सगळं फासलेलं. मी साचा स्वतःकडं वळवला. त्यांच्या हाताला लागलेला चिकटा पुसत राहिले. "असंच असतं," म्हटलं. कुणी विचारलंही नव्हतं.

पिशवीत दोन्ही बाटल्या अर्ध्या भरलेल्या होत्या. ऐकताय ना? अर्ध्या भरलेल्या. मोजे काढून नुसत्या हातांनी लावलं असतं तरी चाललं असतं. पंधरा मिनिटं लागली असती. ते तिथंच होते, जिवंत, माझ्यासमोर.

नान्नांनी डोळे उघडले आणि विचारलं, "अयिपोयिंदा?" झालं का? सोलापुरात वाढलेल्या माणसाला एवढं तेलुगू कळतंच. अंबिका माझ्याकडं बघत होती. मी वर्ग घेणारी बाई, मी अमकी, मी तमकी. मी मान हलवली. झालं. आणि अंबिकाला म्हटलं, "मस्त आलंय."

वाटेत मी ठरवलं की आठवड्यानं पुन्हा जायचं, दुसरा हात माझ्यातर्फे भेट म्हणून घेते असं सांगायचं. म्हणजे चूकही झाकली जाईल आणि मोठेपणाही मिळेल. बघा, त्यातही मोठेपणा सोडवला नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. नान्ना गेले. रडत रडत ती म्हणाली, "अक्का, तुमच्यामुळं हात तरी राहिला माझ्याजवळ."

तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं.

पुढचं सांगताना मला लाज वाटते, पण आता निघालंच आहे. माझे वडील, अप्पा, तेव्हा आमच्याच घरी राहत होते. भुसार मालाचं दुकान भावाच्या हवाली करून निवांत झालेले. एका सकाळी मी त्यांच्यापुढं बसले आणि म्हटलं, "अप्पा, उजवा हात द्या. नमुना करायचाय." त्यांनी विचारलंसुद्धा नाही कशाला. डाव्या हातात पेपर धरून वाचत बसले आणि उजवा माझ्या हवाली केला. साचा सुरेख उतरला. यावेळी निळे मोजे होते.

त्यातून मी रेझिनचा हात काढला. तांबूस छटा दिली. मोबाइलमध्ये त्या दिवशी काढलेला नान्नांच्या हाताचा फोटो होता, तो समोर ठेवला. मग छोटं ग्राइंडर घेतलं आणि तर्जनीचं वरचं पेर कापलं. पांढरी भुकटी उडत होती. मी थांबले नाही. माझ्या बापाचं बोट होतं ते. पॉलिश पेपरनं घासून थोटं टोक गोल केलं, फोटोशी ताडून बघितलं. मग साचा कटरनं बारीक कापून कचऱ्यात टाकला. मागं काही राहू नये म्हणून.

हात द्यायला गेले तेव्हा मागांचा खडखडाट चालू होता. अंबिकानं तो घेतला आणि आधी त्या थोट्या टोकावर बोट ठेवलं. "हेच की," म्हणाली, "हेच." मग तळवा उलटा करून बघितला आणि जरा थांबली. अप्पांचा हात भरलेला, दुकानदाराचा हात. नान्नांच्या हाताची तर हाडं मोजता येत होती.

"जरा भरलेला दिसतो, न्हाय?" तिनं विचारलं.

"सिलिकॉनमध्ये थोडं भरतंच," मी म्हटलं. साफ खोटं. सिलिकॉन भरतही नाही आणि आटतही नाही, त्याच गुणावर माझं पोट चालतं.

ती हसली. डोळे भरलेले होते तिचे. "बरंच झालं की अक्का. मधी त्यांचा हात नुसता काडी झालेला. मला असाच आठवत होता." तिनं तो देवघराशेजारच्या फळीवर ठेवला. तिला कळलं होतं का? त्या क्षणी तिला शंका आली आणि तिनंच ती पुसून टाकली का? मला माहीत नाही. विचारायची माझी छाती नाही.

त्यानंतर मी हातांची कामं घेणं बंद केलं. लोकांना सांगते, सिलिकॉन चांगलं मिळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, उठलेच नाहीत. घरात त्यांचे फोटो आहेत, चष्मा आहे, कोट आहे. हात नाही. साऱ्या गावाचे हात करून दिले आणि बापाचा एक हात घरात ठेवावा असं मला सुचलं नाही. सुचलं होतं खरं तर. पण त्यांच्यापुढं पुन्हा सिलिकॉन घेऊन बसायची हिंमत झाली नाही. पहिल्या हाताचं काय झालं, असं त्यांनी विचारलं असतं तर?

दोन महिन्यांनी अंबिकाचा फोन. हात पिवळा पडायला लागलाय, एकदा बघून जा. रेझिन उजेडात पिवळं पडतं, वरून घासून पॉलिश करावं लागतं. मी सामान घेऊन गेले. अप्पा गेल्याचं तिला कळवलेलं नव्हतं. काय म्हणून कळवणार होते?

तिनं हात माझ्या मांडीवर ठेवला. करंगळी आत वळलेली. अनामिकेवर अंगठीचा खळगा, चाळीस वर्षं घातलेल्या अंगठीचा. अंगठ्याखाली दुकानातल्या सुतळीनं पडलेला घट्टा. सगळं होतं. मी तो दोन्ही हातांत धरला आणि मला रडू आवरेना. मी अशी रडत नाही कुणापुढं. त्या दिवशी हमसून हमसून रडले. एका शब्दात सांगता आलं असतं. दार उघडं होतं, ती समोर बसलेली होती, हात माझ्याकडं होता.

अंबिका जवळ सरकली. स्वतःच्या पदरानं तिनं माझे डोळे पुसले.

"माझ्या नान्नासाठी एवढं रडताय व्हय अक्का?"

मी "हो" म्हटलं. मग हात घासला, पॉलिश केला आणि तिच्या ओंजळीत परत दिला.