सांगलीच्या डॉक्टरांनी दिलेलं पथ्य

“हे डिप्रेशन आहे,” सांगलीचे डॉक्टर म्हणाले. डिप्रेशन म्हणजे नैराश्याचा आजार, नुसतं वाईट वाटणं नव्हे, हे त्यांनी माझ्या आईला समजावून सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पथ्य काय पाळायचं?”

मुलांनो, ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी तुमच्या आजोबांबरोबर इंग्लंडला गेले. ते कारखान्यात, बहुतेक रात्रपाळीला. दुसऱ्या हिवाळ्यात माझी झोप गेली, मग भूक. अंघोळ राहिली आहे हे दुपारी लक्षात येई, तरी उठवत नसे. इंग्रजी उत्तम येत होतं; बोलायला कुणी नव्हतं. आजोबांनी घाबरून मला माहेरी, उंब्रजजवळच्या आमच्या गावी, आणून सोडलं. नवऱ्याने टाकली, अशी कुजबुज सुरू झाली. मी परत जाऊ शकेन की नाही, मलाच ठाऊक नव्हतं.

दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कुणी भेटलं, की आई सांगे, “पोटाचं हाय.”

डॉक्टरांनी अँटिडिप्रेसंट, म्हणजे नैराश्यावरच्या गोळ्या, लिहून दिल्या. “गुण यायला काही आठवडे लागतील. मध्येच थांबवू नका.” मग मला विचारलं, “तिकडे जेवता कुणाबरोबर?”

“एकटीच. ओट्याशी उभी राहून.”

ते आईकडे वळले. “मग हेच पथ्य. एकटीने जेवायचं नाही.”

आमच्या घरी फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, आबा, आधी जेवत, ओसरीवर. मग मी. शेवटी आई, चुलीपाशी एकटी. त्या संध्याकाळी तिने तिन्ही ताटं आत शेजारी शेजारी मांडली.

“आवं, आत या. पोरीला पथ्य हाय. समद्यांनी संगं बसायचं.”

“बायकांच्या पंगतीला बसू मी?”

“फौजेत डाक्टरचा हुकूम मोडत हुता व्हय?”

आबा आत येऊन बसले. मी अर्धी भाकरी खाल्ली.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडे, सकाळी डोकं जड असे. पुढच्या तपासणीला मी म्हटलं, काही फरक नाही. डॉक्टरांनी आईकडे पाहिलं.

“काल म्हनाली, आमटी लय खारट झालीया,” आई म्हणाली.

“खारट लागली? छान,” डॉक्टर हसले. “गोळ्या चालू ठेवा.”

काही महिन्यांनी मी परत गेले. आजोबांनी दिवसपाळी मागून घेतली. ती मिळेपर्यंत मी शेजारच्या एकट्या म्हातारीचं दार ताट घेऊन ठोठावत असे. पुढे एकदा आजार उलटला. पण या वेळी मी तो ओळखला आणि लगेच डॉक्टरांकडे गेले. घरापासून दूर असताना तुमच्यापैकी कुणाला असं झालं, तर तुम्हीही तेच करा. लपवू नका. आणि ताट घेऊन कुणाचं तरी दार ठोठावा.

नंतर एकदा सुट्टीवर माहेरी गेले, तर आबा आत ताटावर बसलेले, अन्नाला हात न लावता. आई चुलीपाशी शेवटची भाकरी भाजत होती.

“आबा, जेवा की. गार होतंय.”

“तुजी आई यायचीय अजून,” ते म्हणाले. “पथ्य हाय.”