आईला आराम नाही

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या पुष्कळांनी आपले अनुभव लिहिले आहेत आणि ते लोक लिहिण्यासारखे होते. त्यांच्या घरी आधीपासून पुस्तकं होती, कुणी ना कुणी मॅट्रिक झालेलं होतं. आमच्या घरात छापील असं एक कॅलेंडर होतं, तेही वडिलांच्या मालकांच्या दुकानाचं. अशा घरातल्या माणसानं आठवणी लिहायला बसावं हे मला स्वतःलाच थोडं आगाऊपणाचं वाटतं. पण एक गोष्ट आहे, ती मला तोंडानं कधी नीट सांगता आली नाही. सांगायला लागलो की मधेच थांबतो. कागदावर कदाचित शेवटपर्यंत जाता येईल.

आम्ही सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहायचो. वडील मूळचे मैंदर्गीचे, आई दुधनीची, दोन्ही गावं कानडी मुलखाला लागून. वडिलांना मी अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. अप्पा एका धान्याच्या दुकानात पोती तोलायचं काम करत. अव्वा घरात कानडी बोलायची, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. शाळेतली मराठी आणखी तिसरीच होती. वर्गात मी 'हाय' म्हटलं की मास्तर 'आहे' म्हणायला लावायचे. 'आहे' म्हणायला लवकर शिकलो, बहुतेक त्याच जोरावर पुढे गेलो.

सत्तरच्या दशकातली, दुष्काळानंतरच्या वर्षांतली ही हकिगत आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात जायचं ठरलं. पेठेत ते कुणाला नीट समजावून सांगता येईना. शेजारच्या काकू एकदा अव्वाला म्हणाल्या, "रंगारीच व्हायचं हुतं तर त्याला विलायत कशाला? हितं काय रंगारी कमी हाईत व्हय?"

अव्वा म्हणाली, "हितला रंग एका धुण्यात जातोय की. तिकडचा जात न्हाय. त्येच शिकाया चाललाय."

हे उत्तर इतकं बरोबर होतं, की पुढे तिकडे कुणी विषय विचारला की मी तेच इंग्रजीत सांगत असे.

निघताना सोलापूर स्टेशनवर ती रडली नाही. पिशवीत कडक भाकरी दिल्या होत्या, त्या मोडतील म्हणून पिशवी कुठे ठेवायची हेच सांगत राहिली. शेवटी एवढंच विचारलं, "कवा येणार?"

"वर्षानं. उन्हाळ्याच्या सुट्टीत."

"नक्की की?"

"नक्की."

"मग जा," ती म्हणाली, आणि गाडी हलायच्या आतच पदर सावरून अप्पांच्या मागे उभी राहिली.

तिकडच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. थंडी होती, पाऊस होता, आणि बोलायची भीती होती. सेमिनारमध्ये मला प्रश्न सुचायचा, पण तो मनात इंग्रजीत जुळवेपर्यंत लोक कोट घालून बाहेर पडलेले असत. त्या भागात माणसं भेटली की एकमेकांना "ऑल राइट?" म्हणतात. पहिले काही आठवडे मला वाटायचं, हे लोक खरंच चौकशी करतात. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या, "ऑल राइट?" म्हणाल्या, की मी थांबून सांगायचो. रात्री खोकला होता, आता बरा आहे, घरचं पत्र आलं नाही. त्या बिचाऱ्या हातात दुधाच्या बाटल्या घेऊन ऐकत उभ्या राहायच्या. एका बंगाली सोबत्यानं मला बाजूला घेऊन समजावलं, "अरे भाई, वह पूछते नहीं, सिर्फ बोलते हैं." तेव्हापासून मीही नुसता "ऑल राइट" म्हणून पुढे जायला शिकलो. तब्येतीचे शब्द ऐकायचे आणि सोडून द्यायचे, ही सवय मला तिथे लागली. आता मागे वळून पाहताना तसं वाटतं, तेव्हा नव्हतं वाटलं.

घरची पत्रं येत, पण ती घरची नसत. अप्पांना आणि अव्वाला लिहिता येत नव्हतं. काकूंची शाळेत जाणारी मुलगी लिहून द्यायची आणि ती शाळेत शिकवलेलंच लिहायची. इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवणे. त्यातून अव्वाचा आवाज शोधायचा मी प्रयत्न करायचो. एखाद्या पत्राच्या शेवटी "तिकडे डोक्याला तेल लावतोस का" असं असायचं, तेवढं तिचं.

मे महिन्याच्या अखेरीला दोन गोष्टी जवळजवळ एकदमच आल्या. भारतीय विद्यार्थ्यांनी मिळून स्वस्तातलं विमान ठरवलं होतं, त्यात मी जुलैची जागा धरून ठेवली होती. आणि माझ्या प्राध्यापकांनी विचारलं, सुट्टीत प्रयोगशाळेत थांबशील का? थांबलास तर त्याच कामावर पुढे डॉक्टरेट करता येईल. ते म्हणाले, विचार करून आठवड्याभरात सांग. मी विचार म्हणजे काय केला? अव्वाला नक्की म्हटलं होतं, हा एक विचार. आणि आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कुणाच्या नावामागे डॉक्टर लागलेलं नाही, हा दुसरा.

त्याच आठवड्यात अप्पांच्या मालकांचे जावई मला भेटायला आले. हे पुण्याचे डॉक्टर. एका वर्षाच्या प्रशिक्षणासाठी दोन-तीन तासांवरच्या शहरातल्या इस्पितळात नुकतेच रुजू झाले होते. मोठा मोकळा माणूस. शनिवारी आगगाडीनं आले, पिशवी टेबलावर ठेवली. "घे. भाकरीचा भुगा झालाय, पण चटणी शाबूत आहे."

मी चटणीचा पुडा सोडला आणि आम्ही दोघं चमच्यानंच खायला लागलो.

"तुझ्या वडिलांनी मला दुकानात गाठलं," ते सांगू लागले. "मी निघायच्या घाईत, टांगा बाहेर उभा, सासरे समोर बसलेले. पिशवी दिली आणि उभेच राहिले. मी म्हटलं, काही निरोप? तर म्हणाले, आईला आराम नाही म्हणून सांगा."

"एवढंच?"

"एवढंच. त्याला कळेल म्हणाले." डॉक्टर हसले. "आता यात न कळण्यासारखं काय आहे? माझी आईसुद्धा सारखी हेच म्हणते. कुठल्या आईला आराम असतो, सांग मला."

मीही हसलो. "आमची तर बसतच नाही. शेजारच्यांच्या शेवया करायलासुद्धा हीच जाते."

"मग लिही तिला खडसावून. म्हणावं, जरा आराम कर."

"लिहितो. बाकी घरचं कसं आहे?"

"ठीकच असावं. वडील जरा वाळलेले वाटले. पण सोलापूरचा उन्हाळा, तिथं कोण गुटगुटीत राहणार?"

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. अव्वाला म्हणावं, आता खूप झालं, आराम कर. मला सुट्टीत इथे मोठं काम मिळालं आहे, पुढच्या उन्हाळ्यात मात्र नक्की येतो. मग विमानातली जागा सोडली. ती नागपूरच्या एका मुलाला मिळाली. त्यानं माझे दोन्ही हात धरून आभार मानले.

जूनच्या शेवटी एक पत्र आलं. तुमचे पत्र मिळाले, इकडील सर्व क्षेम, अभ्यास नीट करणे. त्यानंतर काही आलं नाही. मुलीची शाळा सुरू झाली असेल, असं मी समजलो. काम जोरात होतं. एक निळा रंग लोकरीवर पक्का बसत नव्हता, तो बसू लागला. प्राध्यापक माझ्या पाठीवर हात ठेवून "वेल डन" म्हणाले. त्या दिवशी मला घरी सांगायला कुणीतरी हवं होतं, इतकंच आठवतं.

सप्टेंबरात नवे विद्यार्थी आले. त्यांच्या स्वागताला आम्ही भारतीय मुलं एका हॉलमध्ये जमलो होतो. एक नवा मुलगा गुलबर्ग्याकडचा होता. माझं गाव विचारलं, मी सोलापूर म्हणालो. मूळ? मैंदर्गी. त्याचा चेहरा एकदम उजळला आणि तो कानडीत म्हणाला, "आराम अदीरी?"

वर्षभरात मी कानडी ऐकली नव्हती. "आराम, आराम," मी म्हणून गेलो.

"मन्याग एल्लारू आराम?" घरी सगळे बरे आहेत ना?

हातात चहाचा कप होता तो खाली ठेवायला मला जागा दिसेना.

आमच्या घरातल्या कानडीत आराम म्हणजे विश्रांती नव्हे. आराम म्हणजे तब्येत बरी असणं. आणि आराम इल्ल, आराम नाही, हे आमच्याकडे सर्दीतापाला म्हणत नाहीत. दुधनीच्या मामाच्या शेवटच्या दुखण्यात अव्वा दारात येणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात तेवढंच सांगत होती. आराम इल्ल. अप्पा मराठी बोलतात तेव्हा त्यांची अर्धी मराठी अशीच कानडीतून आलेली असते. त्यांच्या तोंडून ऐकलं असतं तर मला त्या क्षणी कळलं असतं. त्याला कळेल, असं ते म्हणाले ते उगाच नव्हतं. पण डॉक्टरांनी सवयीनं 'अव्वा'ची 'आई' केली, 'न्हाय'चं 'नाही' केलं, आणि शब्द माझ्यापर्यंत आले ते शाळेतल्या मराठीत आले. शाळेतली मराठी मला फार चांगली येत होती.

हॉलमधून निघालो तो कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यात गेलो आणि डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, निरोप देताना अप्पा 'आई' म्हणाले होते की 'अव्वा'?"

"काय? कसला निरोप?"

"मेमध्ये. तुम्ही आलात तेव्हाचा."

"अच्छा. अव्वा म्हणाले. अव्वाला आराम न्हाय. तेच ना ते? का रे?"

मी सांगितलं. त्यांनी तो निरोप स्वतःशीच पुन्हा एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाले, "अरे, मी डॉक्टर आहे. मला नुसतं म्हणाले असते, काय होतंय बघा, तर मी तसाच तुमच्या घरी गेलो असतो."

"ते म्हणाले नसते," मी म्हणालो. मालकांच्या जावयापुढे घरातलं दुखणं काढलं तरी चालतं, हे त्यांना कोण समजावणार होतं? मालक समोर बसलेले. टांगा उभा. तेवढे शब्दसुद्धा त्यांनी कसे काढले असतील कोण जाणे.

"सासऱ्यांच्या दुकानात फोन आहे," डॉक्टर म्हणाले. "मी कॉल बुक करतो. लागायला वेळ लागेल, पण लागेल. तू घाबरू नकोस. तीन-चार महिन्यांत माणूस बरंही होतं."

सोमवारी प्राध्यापकांकडे गेलो. काय सांगायचं ते घोकून गेलो होतो, पण 'मदर' या शब्दापुढे गेलोच नाही. त्यांनी मला बसवलं, स्वतः उठून कार्यालयात गेले, आणि परत येऊन म्हणाले, जा, इथलं काम कुठे पळत नाही. जूनमध्ये विचारलं असतं तर तेव्हाही हेच म्हणाले असते, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पिशवी भरली. विमानाची चौकशी केली. घरमालकीणबाईंचा फोन जिन्याखाली होता. तो वाजला की मी वरून धावत खाली येत असे आणि तो दर वेळी त्यांच्या बहिणीचा असे. "सॉरी, लव्ह," आपण बाळा म्हणतो तसं त्या म्हणायच्या, जणू चूक त्यांची होती.

फोन आलाच नाही. त्या आठवड्याच्या शेवटी दाराची घंटा वाजली. डॉक्टर स्वतः आले होते. एवढ्या लांबून, फोनवर सांगता येत असताना, माणूस आगगाडीनं का येतो हे कळायला मला भाषांतर लागलं नाही. तरी मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले आणि अंगावरचा कोट न काढताच पलंगाच्या कडेला बसले.

"तुझे वडील स्वतः फोनवर आले होते," ते म्हणाले. "सासऱ्यांनी बोलावून घेतलं. फोन कानाला कसा लावायचा तेही त्यांना दाखवावं लागलं. ते जे बोलले ते मी तसंच लिहून घेतलंय, एक शब्द बदलला नाही. वाचू?"

मी मान हलवली असेन.

त्यांची जीभ त्या बोलण्याला सरावलेली नव्हती. अडखळत वाचत होते. पण ऐकताना मला अप्पाच ऐकू येत होते.

"लिवायचं न्हाय म्हणाली हुती ती. त्याच्या परीक्षा हाईत, त्याला तरास नको. म्हणून मी तिच्या मागं तोंडी निरोप दिला. मग त्याचं पत्र आलं. पोरीनं वाचून दावलं. त्यात आराम कर म्हणून लिवलं हुतं. ती म्हणाली, बगा, तुमी निरोप धाडलासा व्हय? त्याला कळलंय समदं. बरी हो म्हणतोय. तिकडं काम मोठं असंल, सोडून येता येत नसंल, त्याला बोलू नका, मी गेले तरी त्याचं काम हुईस्तवर कळवू नका. पुडच्या उन्हाळ्यात येतो म्हणतोय, तर तवर मला ऱ्हायला पायजे. ऱ्हायचं लई बगितलं तिनं. दवा कडू लागायची, तरी घ्यायची. दुखणं वाडलं तवा तार केली न्हाय. त्याला ठावं हाय, उगं पुन्ना कशाला, असं वाटलं. म्हायेरची लई आठवण काढायची. नागपंचमीला दुदनीला न्या म्हणत हुती. पंचमीच्या आदीच गेली."